निरोप्या तळाला गेला त्याची हकिकत

तीर्थस्वरूप अक्का,

तुला नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण गुडघ्याने परवानगी दिली नाही, तेव्हा उभ्याउभ्या केलेला गोड मानून घे. तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? डॉक्टरांनी दिलेलं औषध ते खरंच पितात की अजून कुंडीत ओततात? (कुंडीतलं झाड कसं आहे तेही कळव.) आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढे वाचशील तसं कळेलच.

तुझे फोन येऊन गेले. मी घरीच होतो. हिला मी हातवारे करून सांगायचो आणि ही तुला सांगायची की ते अंघोळीला गेलेत. शेवटच्या फोनला तू म्हणे विचारलंस की दिवसातून इतक्यांदा पाण्यात जातो तो माझा भाऊ आहे की म्हैस. प्रश्न वाजवी आहे. पण फोनवर मला हे सांगता आलं नसतं. तू मध्येच ‘थांब थांब’ म्हणून स्वतःचं सुरू केलं असतंस, आणि खरं सांगायचं तर मीही ती संधी साधून ‘बरं ठेवतो’ म्हटलं असतं. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हे पत्र. ते एकटी असताना वाच. दाजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, त्यांना हसू आवरत नाही आणि खोकला वाढतो.

विषय भिंगरीच्या बक्षिसाचा आहे. तू तुमच्या सगळ्या इमारतीला सांगितलंस, पेढे वाटलेस, आणि ‘पोरीत ही हुशारी बापाकडून आली’ असंही म्हणालीस असं कानावर आलं. अक्का, ते शेवटचं वाक्य शक्य असेल तर परत घे.

आधी तुला ती करते काय ते समजलं पाहिजे. (लहानपणी ती एका जागी ठरत नव्हती म्हणून तूच तिला भिंगरी म्हणायला लागलीस. आता ती दिवसचे दिवस एका तळ्यावर काढते. माणसाचं काही सांगता येत नाही.) आपल्याला वाटतं तळं म्हणजे पाण्याने भरलेला खड्डा. तसं नसतं म्हणे. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं गारच राहतं, आणि एका घरात राहून अबोला धरलेल्या जावांसारखी ती दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. मग वरची हवा तळापर्यंत पोचत नाही आणि खाली जो जीव असेल तो गुदमरतो. हा अबोला कधी धरला जातो आणि कधी सुटतो, ते शोधायला पोरगी उन्हाळाभर दर आठवड्याला नावेतून तळ्याच्या मध्यावर जायची, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी वर काढायची आणि ते किती गार किती गरम ते मोजून लिहायची. गोड्या पाण्याच्या तळ्यांवर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी एक बक्षीस देतात. सगळी धडपड त्यासाठी नव्हती, पण ते डोळ्यांसमोर नव्हतं असं म्हणणारा विद्यार्थी मी अजून पाहिला नाही.

आता खोलवरचं पाणी वर काढायचं कसं? त्यासाठी एक नळकांडं असतं, दोन्ही तोंडं उघडी असलेलं. ते दोरीला बांधून खाली सोडायचं. हवी ती खोली आली की दोरीत ओवलेलं एक पितळी वजन वरून सोडून द्यायचं. ते सरसरत खाली जातं, खटक्यावर आपटतं आणि नळकांड्याची दोन्ही झाकणं फटकन बंद होतात. आतलं पाणी आत, बाहेरचं बाहेर. या वजनाला ही मंडळी निरोप्या म्हणतात, कारण ‘आता मिटून घे’ एवढाच निरोप ते वरून खाली नेतं. काम म्हणशील तर आमच्या मोठ्या साहेबांएवढंच, पण साहेबांवाचून कधी अडलं नाही आणि याच्यावाचून सगळंच अडतं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत असायला हवं होतं, कारण तिने मला नीट सांगितलं होतं.

झालं असं की ऐन उन्हाळ्यात तिला कांजिण्या आल्या. अंगभर पुरळ, दार बंद, ताट उंबऱ्याशी. तिच्या मॅडम परगावी. एकदा जरी मोजणी हुकली तरी मधे भगदाड पडतं आणि उन्हाळ्याची मेहनत फुकट जाते, म्हणून पोरगी आतून रडकुंडीला आलेली. तेव्हा बाहेरून तुझा भाऊ बोलला, की काळजी करू नकोस, मी जातो. अगं, वजनमापांचा निरीक्षक म्हणून मी उभी नोकरी केली. दुकानादुकानांतून काटे तपासले, लिटरं तपासली, भल्याभल्यांना घाम फोडला. माझ्याकडून मापात पाप होईल का? हे वाक्य मी दाराच्या फटीतून फार ठसक्यात म्हटलं होतं, ते आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

तिने आतून सगळं समजावलं. दोरीवर खुणा कुठे आहेत, निरोप्या कसा ओवायचा, ओवल्यावर पाव फेरा पिळायचा म्हणजे निसटत नाही, आणि झाकणं बंद झाली नाहीत तर काय होतं. यातलं शेवटचं मी ऐकलं नाही. कारण ती ते सांगत होती तेव्हा मी तिला, पारड्याखाली मेण चिकटवणारा किराणावाला मी कसा पकडला, ती गोष्ट सांगत होतो. (तुला माहीत आहे ती. तुला ती बऱ्याचदा माहीत आहे.) ‘बाबा, ऐकतोयस ना?’ असं तिने विचारलं आणि मी ‘हो हो, पुढे’ म्हणालो, ते माझ्याच गोष्टीला धरून.

तळ्यावर गेलो. नावाड्याने मला एक केशरी फुगीर जाकीट चढवलं, ते माझ्या कानांपर्यंत आलं. पाण्याचं आणि माझं किती जमतं ते तू जाणतेस, तूच मला धरून न्हाऊ घालायचीस. त्यात वारा सुटलेला. साधा नव्हे, चांगला टोपी उडवणारा वारा, आणि त्याने माझीच टोपी उडवली. एका हाताने टोपी धरायला गेलो आणि दुसऱ्या हाताने निरोप्या ओवला. पाव फेरा पिळायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. निरोप्या दोरीवरून निसटला, नावेच्या काठावर एकदा टण्‌ वाजला आणि पाण्यात गेला. टोपीही गेली. नावाड्याने विचारलं, काका काय पडलं? मी म्हणालो, टोपी.

शहाण्या माणसाने तिथूनच परत फिरावं. पण मी मनाशी म्हटलं, दाराआडून एवढी बढाई मारली, आता पहिल्याच फेरीला वजन हरवलं म्हणून कुठल्या तोंडाने सांगू, तेही वजनमापांच्या निरीक्षकाने? आणि तसं पाहिलं तर अडलंय काय? नळकांडं आहे, दोरी आहे, खुणा आहेत. खाली सोडू, भरेल, वर ओढू. झाकण नसलं म्हणून पाणी काय पळून जाणार आहे? तेव्हा मी ते प्रत्येक खुणेपर्यंत अगदी इमानदारीने सोडलं, अक्का. एक बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. वर ओढलं, पाण्यात तापमापक धरला, आकडा लिहिला. दोन्ही तोंडं उघडी असलेलं नळकांडं वर येताना वाटेतलं सगळं पाणी गाळत येतं आणि शेवटी त्यात वरवरचंच पाणी उरतं, हे शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं. मला नाही सुचलं. उलट सगळ्या खुणांना एकच आकडा आला तेव्हा मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. आमच्या धंद्यात दहा वेळा तोललं आणि दहाही वेळा सारखं भरलं की काटा खरा. मी मनात म्हटलं, किती शिस्तीचं तळं आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पुन्हा तसंच केलं, पुन्हा तळं तितकंच शिस्तीचं निघालं.

त्यानंतर निरोप्याची सोय लावली. निवृत्त झालो तेव्हा कार्यालयाने मला एक पितळी वजन चकाकवून पेटीत घालून दिलं होतं, ते कपाटातून काढलं आणि लेथवाल्याकडे नेऊन त्याला भोक आणि चीर पाडून घेतली. त्याने विचारलं कशासाठी, मी म्हटलं पडद्यासाठी. भिंगरी बरी झाली, तिने तळ्यावरच्या सामानाची पेटी उघडली आणि म्हणाली, निरोप्या एवढा चकचकीत कसा? मी म्हटलं, घासला. तिला काय कौतुक वाटलं.

मग ती स्वतः तळ्यावर जायला लागली आणि पुन्हा वर गरम, खाली गार. मधले माझे दोन आठवडे मात्र वरपासून खालपर्यंत एकसारखे. पोरगी चक्रावली. एका संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि जरा चाचरत म्हणाली, ‘बाबा, तू नळकांडं नीट खुणेपर्यंत सोडलं होतंस ना?’ आणि मी चिडलो. म्हणजे बघ. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी म्हणालो, आयुष्य गेलं माझं मोजण्यात, आता माझ्याच घरात माझी तपासणी? बरं, सांगितलं ते खोटं नव्हतं. खुणेपर्यंतच सोडलं होतं. झाकणाचं तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिने माझी माफी मागितली, अक्का. मी ती घेतलीसुद्धा.

त्यानंतर पोरीने माझ्यावर संशय घ्यायचं सोडलं आणि तळ्यावर घ्यायला लागली. हवामानाच्या नोंदी काढल्या, तर माझ्या पहिल्या फेरीच्या आठवड्यात जोराचा वारा. (टोपीवाला.) झालं, तिला सूत्र सापडलं. वाऱ्याने तळं आतून ढवळलं, अबोला मोडला, दोन आठवडे सगळं पाणी एक झालं आणि मग पुन्हा वेगळं. असं या तळ्यात कुणी पाहिलं नव्हतं. पाहणार कुठून, झालंच नव्हतं. ती महिनोन्‌महिने त्यामागे बसली. मॅडमना आनंद, शोधनिबंध तयार, आणि बक्षीस कशाला मिळालं तर नेमकं त्याला. बाकी उन्हाळाभर तिने उन्हात होरपळून जे खरं मोजलं त्याला नाही, माझ्या टोपीला.

समारंभाला आम्ही दोघं गेलो होतो. मी कोट घातला होता, हिने मला तो घालायला लावला. मोठं सभागृह, कडक खुर्च्या, पडद्यावर तळ्याचं रंगीत चित्र, उन्हाळाभर वर तांबडं खाली निळं, आणि मधे माझे दोन आठवडे वरपासून तळापर्यंत नुसते तांबडे. मला तोपर्यंत खरंच काही कळलेलं नव्हतं, यावर विश्वास ठेव. मी अभिमानाने हिला कोपर मारत होतो. मग एक टकले परीक्षक उठले, चष्मा कपाळावर असलेले, आणि म्हणाले, खालचं एवढं गार पाणी वरच्यात मिसळलं, तर वरचं थोडं तरी गार व्हायला हवं होतं, ते आधीच्या आठवड्याइतकंच गरम कसं? त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अंघोळीच्या कढत पाण्यात गार तांब्या ओतला की सगळी बादली कोमट होते. सगळी बादली कढत राहिली, तर गार पाणी कुणी ओतलंच नाही. आणि नळकांड्याची ती उघडी तोंडं मला दिसायला लागली. कोटाच्या आत घामाची धार लागली.

भिंगरी डगमगली नाही. त्या आठवड्यात ऊनही कडक होतं, त्याने पाणी लगेच पुन्हा तापलं असेल, म्हणाली. आणि पुढे म्हणाली, मोजण्यात चूक आहे का हे मी सगळ्यात आधी तपासलं, पण त्या दोन आठवड्यांचे नमुने माझ्या बाबाने घेतलेत, तो वजनमापांचा निरीक्षक होता, आणि माझ्यापेक्षा त्याच्या हातावर माझा जास्त विश्वास आहे. लोक हसले, टाळ्या वाजल्या. तिने हात करून मला दाखवलं. मी उठेना, तर हिने चिमटा काढला. मी उठलो. टकल्या परीक्षकांनी मला मान लववून नमस्कार केला आणि प्रश्न मागे घेतला. धरणीमाय पोटात घे म्हणतात ना, तसं झालं, पण सभागृह तिसऱ्या मजल्यावर होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित झाकली मूठ झाकलीच ठेवली असती, खोटं कशाला बोलू. पण त्या बक्षिसापायी तिला एका मोठ्या प्रयोगशाळेने बोलावलं आहे. पुढची काही वर्षं ती हेच शोधणार, की तळं असं कधी आणि का ढवळलं जातं. तिच्या हाताखाली आणखी दोन विद्यार्थी. म्हणजे तीन तरुण पोरं दर उन्हाळ्यात नावेत बसून अशा गोष्टीची वाट बघणार, जी माझ्या हातून निसटून तळाच्या चिखलात पडली आहे. ती गोष्ट काही केल्या घडणार नाही, आणि घडत नाही म्हणून पोरगी स्वतःलाच दोष देत बसेल. तिचा स्वभाव तुला माहीत आहे.

सांगायचा मी प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. तिच्या खोलीत सांगायला म्हणून गेलो आणि पंख्याचं बटण दुरुस्त करून आलो. पुन्हा गेलो, तिच्या चपलेचा अंगठा शिवून आणला. पुढच्या खेपेला सगळी पुस्तकं पुसून उंचीप्रमाणे लावून दिली. ती हिला म्हणाली, आई, बाबा हल्ली किती मायाळू झालाय. सन्मानचिन्ह फ्रिजवर ठेवलं आहे. त्यापायी मी पाणीसुद्धा माठातलं पितो. हिला वाटतं मला रक्तदाब आहे.

तेव्हा आता माझा निश्चय झाला आहे. मी तिला सांगणार. आजच, जेवणं झाली की, तोंडावर, एकही शब्द न गाळता. तुला आधी लिहिण्याचं कारण इतकंच की एकदा तुला कळलं म्हणजे ते साऱ्या जगाला कळल्यासारखं आहे (रागावू नकोस, तूही हे जाणतेस) आणि मग मला माघार घ्यायला वाट राहणार नाही. माझं काय व्हायचं असेल ते होवो, पोरीचं नुकसान नको. दाजींना नमस्कार सांग. कंबरेला शेकत जा.

तुझा धाकटा, मापात पाप केलेला,
भाऊ

ता. क. अक्का, एक सुचलं. हे तूच तिला सांगितलंस तर? तुझ्या तोंडून तिला तितकं लागणार नाही. तू रविवारी सकाळी फोन कर, मी त्या वेळी अंघोळीला गेलेला असेन. वरचं सगळं लिहिलं ते खरं तर एवढं विचारण्यासाठीच. तू लहानपणी माझ्यासाठी पुष्कळदा मार खाल्ला आहेस, तेव्हा हे शेवटचं.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी वरचा मजकूर पुन्हा वाचला आणि माझी मलाच शिसारी आली. या वयात बहिणीला पुढे करतोय. तेव्हा पत्र उचललं, ता. क. सकट, आणि भिंगरीच्या हातात दिलं. स्वतः स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी धूत बसलो. तिने उभ्याउभ्याच वाचलं. आत आली आणि एकच विचारलं, दोन्ही आठवडे? मी म्हटलं, दोन्ही. ती चपला घालून मॅडमकडे गेली. दुसऱ्या दिवशी सन्मानचिन्ह पिशवीत घालून परत देऊन आली. टकल्या परीक्षकांना जाऊन म्हणाली, तुमचा प्रश्न बरोबर होता. प्रयोगशाळेने कळवलंय की जागा आता राखून ठेवता येणार नाही, पुढच्या वर्षी इतरांबरोबर पुन्हा अर्ज करा. मी म्हटलं मी जातो, सगळं माझ्यावर घेतो, तर म्हणाली, नमुने तपासून घेणं माझं काम होतं, मी तपासले नाहीत. रडली नाही. मला एका शब्दाने बोलली नाही.

म्हणूनच पत्र पाठवायला उशीर झाला, आणि आता खरी विनंती ही आहे. कालपासून ती मला अहोजाहो करते. ‘अहो बाबा, जेवायला बसता ना?’ असं म्हणाली, आणि वाढता वाढता हिचा हात तसाच राहिला. तू ये, अक्का. तिची समजूत घालू नकोस, तिचं काही चुकत नाही. माझी बाजूही मांडू नकोस, मला बाजूच नाही. तिला एवढंच सांग, की बापाला हवं तेवढं बोल, महिनाभर बोल, पण ‘अरे’ म्हणून बोल.